पाणी बंद झाल्यापासून : एका ग्राहक-समाधान पाहणीचा अनुभव

कोल्हापूरजवळच्या शिरोली औद्योगिक वसाहतीत शेतीपंप तयार करणाऱ्या एका कंपनीसाठी आम्ही चार विद्यार्थ्यांनी ग्राहक समाधानाची पाहणी केली, त्या कामाचा हा अनुभव आहे. मी तेव्हा एमबीएच्या दुसऱ्या वर्षात होते. माझे घर शिरोळ तालुक्यात आणि घरची शेती उसाची. त्यामुळे ऐन एप्रिल-मे महिन्यात मोटर बंद पडली म्हणजे घरातल्या सगळ्यांच्या तोंडचे पाणी कसे पळते, हे मला पुस्तकातून शिकावे लागले नव्हते. आमच्या विभागाचा कंपनीशी सामंजस्य करार होता. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने उद्योगांशी जोडून घेण्यावर भर दिल्यापासून असे करार सर्वत्र होत आहेत. परंतु करारावर सह्या होणे वेगळे आणि त्यातून उपयोगाचे काम उभे राहणे वेगळे. आमच्या बाबतीत काम उभे राहिले, कारण कंपनीला खरोखरच एक कोडे पडले होते.

कोडे असे होते. एखादी तक्रार मिटली की कंपनीचा सर्व्हिस विभाग ग्राहकाला फोन करून एकच प्रश्न विचारत असे : आमचा पंप तुम्ही पाहुण्यांना, शेजाऱ्यांना घ्यायला सांगाल का, शून्य ते दहा यांपैकी गुण द्या. फ्रेडरिक राइकहेल्ड यांनी २००३ मध्ये मांडलेली ही पद्धत आता बँकांपासून मोबाइल कंपन्यांपर्यंत सगळीकडे वापरली जाते. नऊ किंवा दहा गुण देणारे समर्थक, सात-आठ देणारे मधले, सहा किंवा त्याहून कमी देणारे नाराज, आणि समर्थकांच्या टक्केवारीतून नाराजांची टक्केवारी वजा केली की निव्वळ गुण मिळतो, असा तिचा हिशेब आहे. कंपनीचा हा गुण सातत्याने चांगला येत होता. तरीही काही तालुक्यांतले डीलर सांगत होते की, जुने गिऱ्हाईक दुसऱ्या विहिरीवर मोटर बसवताना दुसऱ्याच कंपनीची मोटर मागते. गुण उत्तम असताना गिऱ्हाईक का तुटते, एवढाच प्रश्न विपणन प्रमुखांनी आमच्यापुढे ठेवला.

आमच्या मार्गदर्शक मॅडमनी काम सुरू होण्याआधी काही अटी लेखी करून घेतल्या. निष्कर्ष जसे निघतील तसेच दिले जातील, ही अट कंपनीने लगेच मान्य केली. मुलाखतीच्या वेळी कंपनीचा किंवा डीलरचा माणूस बरोबर असणार नाही, या अटीवर थोडी चर्चा झाली. विपणन विभागाचे म्हणणे असे होते की रस्ते, वाड्या-वस्त्या दाखवायला कोणीतरी लागेल. सर्वांत अधिक वेळ गेला तो उत्तर देणाऱ्यांची नावे कंपनीला मिळणार नाहीत, या अटीवर. नाराज ग्राहक कोण हेच कळले नाही तर त्याची तक्रार आम्ही सोडवायची कशी, असे त्यांनी विचारले, आणि ते रास्त होते. अखेर असे ठरले की मुलाखत संपल्यावर आम्ही प्रत्येकाला स्वतंत्रपणे विचारायचे : कंपनीने तुम्हाला फोन केलेला चालेल का? जे हो म्हणतील त्यांचेच नाव आणि नंबर वेगळ्या कागदावर घ्यायचे, आणि त्या कागदाचा त्यांच्या उत्तरांशी कोणताही संबंध ठेवायचा नाही. ही व्यवस्था किती मोलाची होती ते पुढे प्रत्यक्ष कामात दिसले. आपले नाव वर जाणार नाही याची खात्री पटल्यावर माणसे जे बोलतात, ते डीलरच्या माणसादेखत कधीच बोलत नाहीत. कारण उद्या बी-बियाणे, पाइप, केबल उधारीवर आणायला त्याच दुकानात जायचे असते.

प्रश्नावलीसाठी आम्ही अभ्यासक्रमात शिकलेल्या, सेवेचा दर्जा मोजणाऱ्या सर्व्हक्वालपासून सुरुवात केली. परशुरामन, झाइथामल आणि बेरी या तिघांनी १९८८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या या मापनपद्धतीत २२ विधाने असतात, आणि ती दृश्य सुविधा, विश्वासार्हता, तत्परता, हमी व आपुलकी अशा पाच अंगांत विभागलेली असतात. ग्राहकाची अपेक्षा काय होती आणि प्रत्यक्षात काय मिळाले, हे दोन्ही विचारून त्यांतील तफावत काढायची, ही त्यामागची कल्पना आहे. पद्धत भक्कम आहे. परंतु ती बँका, क्रेडिट कार्ड, दुरुस्ती-सेवा अशा व्यवसायांच्या अभ्यासातून घडलेली आहे. आमच्या शेतकऱ्याने कंपनीचे कार्यालय कधी पाहिलेलेच नसते, तेव्हा कर्मचाऱ्यांचा पोशाख नीटनेटका असतो का, या विधानावर तो काय मत देणार? अपेक्षा आणि अनुभव अशी दुहेरी विचारणा केली की समोरचा माणूस दुसऱ्या फेरीत कंटाळतो, हेही चाचणी मुलाखतींत लक्षात आले. क्रोनिन आणि टेलर यांनी १९९२ मध्ये अपेक्षेचा भाग वगळून फक्त प्रत्यक्ष अनुभव मोजावा, असे मांडले होते. आम्ही त्यांचा मार्ग धरला आणि गैरलागू विधाने वगळून यादी लहान केली.

दुसरी अडचण मोजपट्टीची होती. ‘पूर्णपणे सहमत’पासून ‘पूर्णपणे असहमत’पर्यंतची पाच पायऱ्यांची पट्टी, जी रेन्सिस लिकर्ट यांच्या १९३२ च्या कामातून आली, ती कागदावर सोपी वाटते. बांधावर उभे राहून ती वाचून दाखवली की ऐकणारा सौजन्याने मान डोलावतो आणि सगळ्यालाच सहमत म्हणतो. हातकणंगले तालुक्यातल्या एका वयस्क काकांनी मात्र आपणहोऊन सांगितले, “बाळ, रुपायात बारा आणे म्हण.” त्यावरून आम्ही पट्टीच बदलली. काहीच नाही, चार आणे, आठ आणे, बारा आणे, सोळा आणे, अशा त्याही पाचच पायऱ्या; पण उत्तर देताना लोक थांबून विचार करू लागले, आणि आठ आणे म्हणायला कोणाला संकोच वाटेना. मूळ मोजपट्टीत असा फेरफार केला की तिची विश्वासार्हता आपल्याला पुन्हा तपासून घ्यावी लागते. त्यासाठी एका अंगाची विधाने एकमेकांशी किती जुळतात हे सांगणारा क्रॉनबॅक यांचा अल्फा गुणांक काढतात आणि तो साधारण ०.७ च्या वर असावा असा संकेत आहे. आमच्या तत्परता आणि विश्वासार्हता या दोन अंगांची विधाने त्या कसोटीला उतरली. आपुलकीची उतरली नाहीत, म्हणून त्या अंगाचा एकत्रित गुण अहवालात द्यायचा नाही, असे आम्ही ठरवले.

मात्र खरी माहिती गुणांतून आली नाही. जॉन फ्लॅनगन यांनी १९५४ मध्ये मांडलेली एक पद्धत आहे. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी वैमानिकांच्या अभ्यासातून ती पुढे आली. तीत माणसाला मत विचारत नाहीत. घडलेला एखादा विशिष्ट प्रसंग पहिल्यापासून शेवटपर्यंत सांगायला लावतात. प्रश्नावलीच्या शेवटी आम्ही एकच मोकळा प्रश्न ठेवला : मागच्या वेळी मोटर बंद पडली तेव्हा काय काय झाले, ते क्रमाने सांगा. “चांगली हाय की मोटर, काय तक्रार न्हाई,” म्हणणारा माणूस या प्रश्नावर खाली बसून बोलायला लागायचा. रात्रपाळीची लाइट होती, लाइट आली की मोटर आपोआप सुरू करणारा ऑटो स्विच लावलेला होता, डीपीवरचा, म्हणजे शेतीला वीज देणाऱ्या ट्रान्सफॉर्मरवरचा, एक फ्यूज गेला आणि मोटर तीनपैकी दोनच फेजवर रेटून जळाली. सकाळी मिस्त्रीला फोन केला, तो दुसऱ्या गावात. संध्याकाळी तो आल्यावर चेन पुली लावून चार माणसांनी मोटर वर काढली. मग टेम्पो, मग तालुक्याचे दुकान. एवढे सगळे होईपर्यंत कंपनीचे नावही गोष्टीत आलेले नसायचे.

या गोष्टी ऐकता ऐकता एक फार महत्त्वाची बाब हळूहळू स्पष्ट झाली. ग्राहक म्हणून आम्ही ज्याला शोधत होतो, तो एक माणूस नव्हताच. वॉरंटी कार्ड असते आजोबांच्या किंवा सासऱ्यांच्या नावावर, पैसे दिलेले असतात मुलाने, कोणती मोटर घ्यायची हे ठरवलेले असते मिस्त्रीने, आणि रोज स्टार्टरचे बटण दाबून पाणी पाजणारी असते घरातली बाई किंवा गडी. कंपनीचा फोन कार्डावरच्या नंबरवर जातो. आजोबा दहापैकी दहा देतात, कारण त्यांच्या लेखी कंपनीने आपणहोऊन फोन करून विचारले, हीच मोठी गोष्ट असते. शिरोळ तालुक्यातल्या एका वहिनींनी मला स्टार्टरची पेटी उघडून दाखवली. आतल्या झाकणावर चिकटवलेला सर्व्हिसचा नंबर उन्हाने आणि धुळीने पार पुसून गेला होता, आणि त्यांनी त्याच झाकणावर खडूने गावातल्या मिस्त्रीचा नंबर लिहून ठेवला होता. मला तरी त्या झाकणाने प्रश्नावलीतल्या अनेक विधानांपेक्षा अधिक सांगितले.

तेव्हा आम्ही मिस्त्री आणि रिवाइंडिंगच्या, म्हणजे जळालेल्या मोटरीत नवी तार भरून देणाऱ्या, दुकानांकडे वळलो. मूळ आराखड्यात ती दुकाने नव्हती. कंपनीच्या दृष्टीने ते ग्राहकच नव्हते. हातकणंगल्याच्या एका दुकानात आमच्यासमोर एक सबमर्सिबल मोटर उघडली गेली. पाण्याने भरलेल्या या मोटरींत तांब्याच्या तारेवर प्लास्टिकचे वेष्टण असते. स्टेटरमधल्या, म्हणजे मोटरच्या स्थिर भागातल्या, काही कॉइलचे वेष्टण वितळून काळे झाले होते, आणि त्यांच्याच शेजारच्या कॉइल मात्र नव्यासारख्या पांढऱ्या होत्या. “ही कंपनीची चूक न्हवं, ही लाइटची,” मिस्त्रींनी बोट ठेवून दाखवले. पण त्यानंतर त्यांनी जे सांगितले ते कंपनीने ऐकायला हवे होते. नवीन मॉडेलमध्ये तारेचा गेज (जाडी) आणि कॉइलचे फेर (वेढे) बदलले आहेत. कॉइल पूर्ण जळली असेल तर फेर मोजता येत नाहीत, अंदाजाने भरावे लागतात, आणि अंदाज चुकला की मोटर पुन्हा येते व बोलणी आम्ही खातो. थ्रस्ट बेअरिंग आणि बुश तालुक्यात मिळत नाहीत, कोल्हापूरहून मागवावे लागतात. दुसऱ्या एका कंपनीची मोटर आली की तिचा तक्ता भिंतीवर लावलेला आहे, सुटे भाग समोरच्या दुकानात आहेत, दुसऱ्या दिवशी पाणी सुरू होते. शेतकरी विचारतो, मिस्त्री, नवीन कोणती घेऊ? यावर ते काय उत्तर देत असतील, हे विचारण्याची गरज उरली नाही.

जपानचे नोरिआकी कानो यांनी १९८४ मध्ये गुणवत्तेची जी विभागणी मांडली, तिचा अर्थ मला त्या दुकानात नीट समजला. काही गुण असे असतात की ते असले तर कोणी कौतुक करत नाही, पण नसले तर ग्राहक निघून जातो. मोटर गावात दुरुस्त होणे हा त्यांपैकी एक. कोणत्याही समाधान-पाहणीत त्याबद्दल प्रश्न नसतो, कारण तो कोणाला सुचत नाही.

नमुना निवडण्याबद्दल थोडे विस्ताराने लिहिते, कारण विद्यार्थी प्रकल्पांत हाच भाग घाईने उरकला जातो. मोठ्या समूहातून पाच टक्के चुकीची मर्यादा आणि ९५ टक्के विश्वासपातळी धरली की सूत्राने ३८४ हा आकडा येतो आणि बहुतेक अहवालांत तो लिहून टाकलेला असतो. परंतु प्रत्येक ग्राहक निवडला जाण्याची शक्यता सारखी असेल तरच त्या आकड्याला अर्थ आहे. कंपनीकडची यादी वॉरंटी कार्डांची होती, आणि कार्ड भरून परत पाठवणारे थोडेच. ज्यांनी मोटर गावातच भरून घेतली, त्यांचे नाव तर कोणत्याच वहीत नव्हते. त्यामुळे आम्ही यादी बाजूला ठेवली. निवडलेल्या तालुक्यांतून चिठ्ठ्या टाकून गावे काढली, गावातल्या शेतीच्या डीपींतून पुन्हा चिठ्ठी टाकून काही डीपी निवडले, आणि त्या डीपीवर ज्यांची ज्यांची मोटर आहे त्या सगळ्यांना गाठायचे ठरवले, मग मोटर कोणत्याही कंपनीची असो. यात एक दोष राहतो : एका डीपीवरच्या सगळ्यांना एकच व्होल्टेज आणि तीच पाळी मिळते, त्यामुळे त्यांचे अनुभव एकमेकांसारखे असतात आणि तेवढ्याच संख्येच्या स्वैर नमुन्यापेक्षा अशा नमुन्यातून कमी माहिती मिळते. आम्ही तो दोष अहवालात स्पष्ट लिहिला. पण या निवडीमुळे एक गोष्ट साधली, जी यादीने कधीच साधली नसती. कंपनी सोडून गेलेले लोक आम्हाला भेटले.

आणि तिथेच कोड्याचे उत्तर होते. कंपनी गुण विचारत होती तो तक्रार मिटलेल्या ग्राहकाला. म्हणजे ज्याची तक्रार नोंदली गेली, आणि मिटलीही, त्यालाच. बाकीचे त्या फोनच्या कक्षेत कधी आलेच नव्हते. शिवाय तक्रार ठरावीक तासांत मिटली की नाही, हे सर्व्हिस विभाग नोंदणीच्या वेळेपासून मोजत होता, आणि ते आकडे त्यांच्या परीने बरोबर होते. शेतकऱ्याची मोजणी मात्र पाणी बंद झाल्यापासून सुरू होते. मिस्त्री येईपर्यंत, मोटर विहिरीतून निघेपर्यंत, तालुक्याला पोहोचेपर्यंत आणि डीलर फोन करेपर्यंतचे दिवस कंपनीच्या नोंदीत शून्य होते, आणि शेतातल्या उसासाठी तेच खरे दिवस होते. लोकांनी सांगितलेल्या प्रसंगांतून आम्ही प्रत्येक मोटरचा पाणी बंद ते पाणी सुरू असा कालावधी काढला आणि तो बारा आणे, आठ आणे या उत्तरांशेजारी मांडला. मोटर का जळाली, कोणाच्या चुकीने जळाली, यापेक्षा पाणी किती दिवस बंद राहिले याच्याशी समाधानाचा संबंध कितीतरी अधिक घट्ट दिसला.

सादरीकरणाच्या दिवशी कंपनीचे विपणन, सर्व्हिस आणि उत्पादन असे तिन्ही विभागांचे लोक हजर होते. उत्पादन विभागातल्या एका ज्येष्ठ अभियंत्यांनी सुरुवातीलाच मुद्दा मांडला की, जळालेल्या बहुतेक मोटरी कमी व्होल्टेजमुळे किंवा एक फेज गेल्यामुळे जळतात, त्याला कंपनी जबाबदार नाही. त्यांचे म्हणणे तांत्रिकदृष्ट्या खरे होते. व्होल्टेज उतरले की तेवढेच काम करण्यासाठी मोटर जास्त करंट ओढते आणि वाइंडिंग तापते. आम्ही त्यांना एवढेच सांगितले की, हे शेतकऱ्यालाही माहीत आहे. आम्हाला भेटलेल्या बहुतेकांनी जळण्याचा दोष लाइटलाच दिला होता. त्यांची तक्रार पुढच्या दिवसांबद्दल होती. यावर ते बराच वेळ आमच्या तक्त्यांकडे पाहत राहिले आणि मग वाइंडिंगचा तपशील मिस्त्रींना द्यायला हरकत काय आहे, असा प्रश्न त्यांनीच आपल्या सहकाऱ्यांना विचारला.

हरकत होती. गेज, फेर आणि कॉइलची मांडणी उघड केली की नक्कल करणाऱ्यांचे फावेल, ही भीती कोल्हापुरातल्या उद्यमनगरापासून शिरोलीपर्यंत सगळ्याच कारखानदारांना वाटते, आणि ती निराधार नाही. मला स्वतःला मात्र वाटते की, जी मोटर कोणताही रिवाइंडर उघडून मोजू शकतो, तिचे फेर लपवून नकलेला आळा बसत नाही. फक्त प्रामाणिक मिस्त्रीचे काम अडते. हे मी बैठकीतही बोलले. विद्यार्थिनीचे बोलणे म्हणून ते कोणी उडवून लावले नाही, याचे श्रेय आधी घातलेल्या अटींना आहे. आम्ही कोणाच्या पगारावर नव्हतो, आणि आमच्या अहवालाने कोणाची बढती ठरणार नव्हती. कंपनीतल्या अनेकांना यातल्या काही गोष्टी आधीच ठाऊक असाव्यात, असे त्यांच्या प्रश्नांवरून जाणवत होते. पण एका विभागाने दुसऱ्या विभागाला त्या सांगणे अवघड होते.

पुढच्या काही महिन्यांत कंपनीने जुन्या मॉडेलांचा वाइंडिंग तक्ता नोंदणीकृत रिवाइंडरांना द्यायला सुरुवात केली. नव्या मॉडेलांचा अजून दिलेला नाही. दोन डीलरांकडे बदली मोटर ठेवण्याचा प्रयोग सुरू झाला, म्हणजे स्वतःची मोटर दुरुस्त होईपर्यंत शेतकऱ्याने ती वापरावी आणि परत करावी. स्टार्टरच्या पेटीवरचा सर्व्हिस नंबर आता रंगाने छापला जातो. जळालेल्या मोटरला वॉरंटीत घ्यावे, ही अनेक शेतकऱ्यांची मागणी कंपनीने नाकारली, आणि त्यामागचा खर्चाचा हिशेब त्यांनी आम्हाला समोर बसवून समजावून सांगितला. तक्रार नोंदवण्याच्या अर्जात ‘पाणी कधीपासून बंद आहे’ असा नवा रकाना आला आहे. तो रकाना खरोखर भरला जातो का आणि बदली मोटरमुळे बंद दिवस कमी होतात का, हे तपासण्याचे काम विभागातल्या पुढच्या तुकडीने घेतले आहे. गावे आणि डीपी तेच ठेवायचे, आणि मिस्त्रींना या वेळी पहिल्यापासून पाहणीत धरायचे, एवढे आम्ही त्यांना आमच्या वह्या सोपवताना सांगितले.